गुणवंत चाचणेचा शेरा

टिकारामचा फोन नंबर कोणी बदलला, यावरून त्या दोघांची ओळख झाली. ओळख कसली, भांडणच!

टिकाराम म्हणजे डोळ्यांच्या दवाखान्यातला जुना वॉर्डबॉय. दवाखान्याच्या शाखा तीन. गढा अन् अधारताल जबलपुरातच, तिसरी सिहोऱ्याला. कोण कुठे बसतो, त्याचा नंबर काय, कोणत्या कॉम्प्युटरवर त्याला काम करता येतं, हे सगळं एका डिरेक्टरी सर्व्हरमध्ये नोंदलेलं. तो सांभाळायची गढ्याची यामिनी. आधी बदल फक्त तीच करायची, बाकी दोन्ही शाखांकडे नुसती नक्कल जायची. त्या जानेवारीत अधारतालला नवा माणूस आला अन् त्यालाही लिहायचा हक्क मिळाला. इकडे लिहिलं की तिकडे उमटायचं, तिकडचं इकडे. सिहोऱ्याला मात्र वाचण्यापुरतीच नक्कल. आणि दोघांनी एकच नोंद बदलली तर? ज्याचं शेवटी, त्याचं खरं.

तर यामिनीनं टिकारामचा नंबर लिहिला. दोन मिनिटांत तो बदलला. तिनं परत लिहिला. परत बदलला! तिनं तणतणत अधारतालला फोन लावला.

"काहून हो, माझ्या नोंदी कोण खराब करून राहिलं तिकडे?"

पलीकडून एक मऊ, हसरा आवाज आला. "जी, मी अनुपम. टिकाराम भैयांची बदली आजपासून आमच्याकडे झाली. माझ्यासमोर चहा पिऊन राहिले. त्यांनाच विचारू का, नंबर खरा कोणाचा?"

यामिनीला रागावायचं होतं हो, पण हसूच फुटलं.

दोन्हीकडचं नीट जुळतंय ना, हे रोज सकाळी बघायला मग तिनं एक खोटाच कर्मचारी तयार केला. गुणवंत चाचणे! हुद्दा नाही, खोली नाही, शेऱ्याचा एक रकाना तेवढा. अनुपमनं तिकडून लिहायचं, 'पोचलं का?' हिनं इकडून लिहायचं, 'पोचलं.' संपलं काम.

पण संपतंय कसलं! दुसऱ्याच आठवड्यात शेरा लांबला.

'पोचलं का? इकडे मावठा पडून राहिला. तिकडे?'

'पोचलं. इकडे ऊन आहे.'

'थोडं ऊन पाठवा ना, यामिनीजी.'

'ऊन असं पाठवता येत नाही. येऊन घ्यावं लागतं.' लिहून गेली अन् मग तिनं जीभ चावली.

तो आला ना! वायर तपासायची आहे म्हणाला. वायर ठणठणीत होती. चष्म्यावर पावसाचे थेंब, हातात खोव्याच्या जलेबीचा गरम पुडा.

"लिहिता तर भरभर," यामिनी जलेबी मोडत म्हणाली. "अन् आता तोंडातून शब्द नाही?"

"मराठी आमच्या घरात... मी ऐकतो जास्त, बोलतो कम. लिहिताना वेळ मिळतो. बोलताना तुम्ही बघत असता."

"मग डोळे मिटू?"

"नको ना..." तो कानापर्यंत लाल झाला. त्या दिवसापासून यामिनी ऑफिसला पंधरा मिनिटं लवकर यायला लागली.

मार्चमध्ये नागपूरहून त्याला मोठी नोकरी चालून आली. त्यानं फोन केला. "शुक्रवारी पाचपर्यंत हो-नाही कळवायचं आहे. तुम्हाला काय वाटतं?"

राहा... शब्द अगदी ओठांवर आला होता. पण आपण कोण सांगणाऱ्या? "जा की!" ती म्हणाली. "इतकी चांगली संधी!" फोन ठेवला अन् दिवसभर स्वतःलाच शिव्या घातल्या.

शुक्रवार उजाडला. दुपारी चारनंतर व्यवस्थापक दीपा मॅडम डोकावल्या. "यामिनी, पाच वाजता नंबरांची पुस्तिका छापायला जाते. नोंदींसकट शेरे-बिरे सगळं छापलं जाईल हं. बघून घे."

सकाळपासून उघडी असलेली गुणवंतची नोंद तिनं पुढे ओढली अन् घाईघाईनं शेरा पुसून टाकला. चार वाजून बारा मिनिटं झाली होती.

साडेचारनंतर फोन वाजला.

"जय भीम, पोरी. मी कुसुमबाई, सिहोऱ्याच्या चौकशीच्या खिडकीवरून. मघाशी पाऊस आला अन् आमची नेटची लाईन गेली बघ."

"जय भीम, मावशी. सांगते हं दुरुस्तीवाल्याला."

"ते होईल गं. पण त्या गुणवंतला उत्तर काहून देऊन नाही राहिली तू?"

यामिनी गारच पडली. "कोण... गुणवंत?"

"अवं, चाचणे! दोन महिने झाले, सकाळी आल्या आल्या मी त्याचंच वाचते. शेजारच्या खिडकीवरच्या प्रियंकालाही ऐकवते. आजचं वाचून तर दोघी रडलो."

मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात, ते हेच! सिहोऱ्याला नक्कल जाते, ती तर हिनंच जोडून दिली होती. पण लाजायला वेळ कुठे होता? "आजचं? मावशी, आज काय लिहिलं आहे?"

"थांब, चष्मा लावते. हां... 'यामिनी, तुम्ही जा म्हणालात, पण आवाज राहा म्हणून राहिला होता. की मलाच तसं वाटलं? तुम्ही मला फार आवडता. राहा लिहाल तर मी राहतो. नको असेल तर नुसतं पुसून टाका, मी समजेन.'"

पुसून टाका... अन् तिनं पुसलं होतं! त्यानं लिहिलं चार दहाला. हिच्या पडद्यावर सकाळचंच पान, त्याचं नवं वाक्य न बघताच हिनं पुसलं चार बाराला. मधल्या त्या दोन मिनिटांत सिहोऱ्याची लाईन गेली, म्हणून हिचं पुसणं तिथे पोचलंच नाही अन् त्याचं वाक्य तेवढं टिकलं.

तिनं अनुपमला फोन लावला. बंद. पाचला बारा मिनिटं कमी. तिनं गुणवंतच्या शेऱ्यात लिहिलं, 'राहा.' पण ज्याला उत्तर मिळून गेलं, तो कशाला परत बघेल? देवा, एकदा बघ रे! ती पान पुन्हा पुन्हा नव्यानं उघडत राहिली. पाचला सात मिनिटं... पाच... तीन... अन् तिच्या डोळ्यांसमोर शेरा बदलला.

'पोचलं.'

यामिनी इतक्या मोठ्यानं हसली की दीपा मॅडम उठून बाहेर आल्या.

सहाला तो गढ्यात हजर! चष्म्यावर तेच थेंब. "हो लिहून झालं होतं नागपूरला. पाठवायच्या आधी सवयीनं एकदा गुणवंत उघडला..."

"मी न वाचताच पुसलं हो! कुसुममावशींनी वाचून दाखवलं मला. आता तोंडानं सांगा. डोळे मिटू?"

"नको. बघत राहा..." तो अडखळला. "बघत राहशील?"

मग त्यानं सांगितलं. अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत, दोनदा चुकून. तिनं एकदाही डोळे मिटले नाहीत.

सोमवारी पुस्तिका तिन्ही शाखांत पोचली. गुणवंत चाचणे, हुद्दा नाही, खोली नाही, शेरा: पोचलं. गडबडीत दोघंही पुसायला विसरले होते. दहाच्या ठोक्याला सिहोऱ्याचा फोन आला.

"हे पोचलं, ते समजलं," कुसुमबाई म्हणाल्या. "पत्रिका कधी पोचते, ते सांग."