पत्र्याच्या पेटीतले सात दिवस

कारकूनकाकांनी टिकलीचा अर्ज न वाचताच मागच्या पत्र्याच्या पेटीत टाकला. "सात दिवसांनी ये."

"अहो काका, सोमवारी शाळा सुरू होतेय! कालव्याच्या पुलाच्या दोन फळ्या तुटल्यात. त्यातच अडकून आमच्या धाकट्याचा पाय मोडला. आता कुबड्या घेऊन तो दोन किलोमीटरचा वळसा घालणार का?"

"पद्धत आहे, बाळ."

शेजारी काम शिकायला बसलेल्या नव्या ताईने मान खाली घालून वहीत लिहिलं: अर्ज, पेटी, सात दिवस.

बाहेर पायऱ्यांवर धाकटा आणि त्याचा मित्र भोपळ्या वाट बघत होते.

"पेटीत अर्ज वाचतं कोण?" धाकट्याने विचारलं.

"झुरळं," भोपळ्या म्हणाला. "आठवडाभर चर्चा करतात."

टिकलीला हसू आलं, पण डोक्यात किडा वळवळायला लागला होता. ती परत आत गेली. "काका, ही पद्धत तुम्हाला कुणी शिकवली?"

"वरच्या मजल्यावरच्या बाईंनी."

बाई म्हणाल्या, "मला शिपाईबाबांनी. ते कधीच निवृत्त झाले. बाजारामागे राहतात."

बाबा कुंड्यांना पाणी घालत होते. पेटीचं नाव काढताच त्यांनी झारी खाली ठेवली.

"ती अजून आहे? अरे, तेव्हा ऑफिसचं छत गळायचं. अर्ज भिजायचे. पेटीत भरून पेटी उन्हात ठेवायचो. आठवड्यात कागद कडकडीत!"

"पण छत तर दुरुस्त झालंय," टिकली म्हणाली.

"झालं की. त्याच महिन्यात मी निवृत्त झालो. पेटी बंद करा, हे सांगायचं राहूनच गेलं बघ."

दुसऱ्या दिवशी टिकलीने बाबांना सोबत घेऊन थेट साहेबबाईंची खोली गाठली. साहेबबाई दोघांना घेऊन काकांच्या खिडकीशी आल्या. बाबांनी गळक्या छताची गोष्ट सगळ्यांना सांगितली. टिकलीने पेटीतून आपला अर्ज काढून काकांच्या हातात दिला.

"काका, हात लावून सांगा. ओला आहे?"

काकांनी कागद चाचपला, बाबांकडे पाहिलं आणि चष्मा काढला. "म्हणजे बारा वर्षं मी कोरडे कागद वाळवतोय?"

सगळं ऑफिस हसलं. काकाही हसले, जरा उशिराने. साहेबबाईंनी तिथेच सही करून सुताराला फोन लावला. मग टिकलीला म्हणाल्या, "मी इथे चार वर्षं आहे. हा प्रश्न मला पडायला हवा होता. शाबास."

नव्या ताईने वहीतली ओळ खोडली आणि हळूच विचारलं, "काका, मग आपण शिक्का दोनदा का मारतो?"

काकांनी खुर्ची सरकवली. "चल, वरच्या बाईंना विचारून येऊ."

सोमवारी नव्या फळ्यांवर कुबड्या टकटक वाजल्या. धाकटा मुद्दाम दोनदा पुलावरून गेला.