गरम पाण्याचा व्हॉल्व्ह

हसा, हसा. तुमच्या वयात मीही हसायचो. पण हे आपल्या ओकिमोतोच्या बाबतीत घडलंय, आणि तो थापा मारणाऱ्यातला नाही. इथेच, कोजिमात. गेल्या वर्षी नोव्हेंबरची वीस तारीख, गुरुवारची रात्र.

काम साधंच होतं. मालकाने त्याला धुलाईघरातून जीनचा एक नमुना आणायला पाठवलं. जाता जाता हळूच सांगितलं, त्या कुनिसादावर जरा नजर ठेव. महिनाभर लॉटच्या लॉट विरत होते ना! जीन मऊ करायला आपण पाण्यात एन्झाइम घालतो, ते सुताचे तंतू कुरतडतं, पॉलिस्टरला मात्र शिवत नाही. काम झालं की कढत पाणी सोडून त्याला मारायचं. नाही मारलं, तर ते खातच राहतं. आणि कुणीतरी ते मारत नव्हतं.

रात्रपाळीला कुनिसादा एकटा, म्हणजे संशय त्याच्यावरच. पकडला तर नोकरी जाणार, कंपनीची खोलीही, आणि बायकोचे तर दिवस भरत आलेले. ओकिमोतोनेच त्याला कामाला लावला होता. पण खरं सांगू? त्यालाही आतून वाटायचं, हाच असणार.

तो कपड्यांच्या ढिगामागे दबा धरून बसला. कुनिसादाने गरम पाण्याचा व्हॉल्व्ह उघडला आणि बाहेर गेला. मशीन फिरत होतं. थोड्या वेळाने रबरी एप्रन घातलेला माणूस पाठमोरा आला, आणि त्याने व्हॉल्व्ह बंद केला.

ओकिमोतोचं डोकंच फिरलं. धावत जाऊन त्याने व्हॉल्व्ह पुन्हा उघडायला हात घातला.

"लाज नाही वाटत तुला? तुझ्यासाठी मी मालकापुढे नाक घासलं."

त्या माणसाने त्याची बाही धरली.

घट्ट.

"गरम... नको..."

हाताची कातडी सोललेली. लोंबत होती...

तेवढ्यात मागे, दारातून आवाज आला.

"ओकिमोतोसान, कुणाशी बोलताय?"

कुनिसादा. हातात सिगारेट.

ओकिमोतोने मागे पाहिलं. मग पुढे.

...

कुणी नव्हतं. व्हॉल्व्ह बंद.

दोन वर्षांपूर्वी त्याच जागी गरम पाण्याचा पाइप फुटला आणि आमचा म्हातारा नागासुए भाजून गेला. मालक त्याचं नाव काढू देत नाही, म्हणून तुम्हा पोरांना माहीत नाही.

सकाळी ओकिमोतो मालकापुढे उभा राहिला. त्याने शर्टाची बाही पुढे केली. मालकाने ती उलटसुलट करून पाहिली. कुनिसादाला काढायची गोष्ट त्यानंतर कधी निघाली नाही.

ती बाही मी या डोळ्यांनी पाहिलीय. पाण्याचा थेंब लागलेला नाही, कोरडी ठाक. पण मनगटापाशी पाच बोटं उमटावीत तसं सूत खाल्लेलं, आरपार. शिवणीचा पॉलिस्टरचा दोरा तेवढा शाबूत होता, त्या भोकांवरून आडवा गेलेला.