हलव्याला काटा येईपर्यंत

मांजरसुंब्याला मोटारीतून उतरला तेव्हा विरुपाक्षाच्या कोटावर इतकी धूळ बसली होती की मूळचा रंग विचारू नये. औरंगाबादेहून बीड, बीडहून इथवर हाडं खिळखिळी झालेली, आणि पुढं पाटोद्याला मोटार जातच नव्हती. झाडाखाली एकच बैलगाडी उभी होती. गाडीवान धुळाजी गावचाच. त्यानं ट्रंक उचलून आत ढकलली आणि सांगितलं, जागा हाय मालक, ही मंडळीबी पाटोद्यालाच निघालीत.

मंडळी म्हणजे एक वयस्क गृहस्थ, कपाळावर विभूती, गाठोड्याला टेकून पेंगत बसलेले. आणि हिरवं इरकली लुगडं नेसलेली एक मुलगी. दोघं कपिलधारला मन्मथस्वामींचं दर्शन घेऊन आली होती. मुलीच्या ओटीत बोरं होती. गाडी हलली तशी तिनं मूठभर बोरं त्याच्यापुढं धरली आणि विचारलं, पाटोद्यात कुणाचे तुम्ही?

त्यानं सांगितलं. शंकरप्पा किराणेवाल्यांचा धाकटा. औरंगाबादेला कॉलेजात असतो. संक्रांतीच्या सुट्टीला चाललोय.

मुलीचा हात बोराशी क्षणभर थांबला. मग म्हणाली, "तुमच्या घरी नवी वहिनी आलीय म्हनं. कशी हाय?"

"मी अजून बघितली न्हाई. लग्नात माझी परीक्षा होती. पण भाऊ मालाला आला व्हता तवा सांगत व्हता... भाकरी अशी करते म्हणे, मोडायला हातोडा लागतो."

गाठोड्याला टेकलेले गृहस्थ खोकले.

"आनखी काय सांगत व्हते?"

इतक्या आवडीनं ऐकणारं माणूस विरुपाक्षाला कॉलेजात कधी भेटलं नव्हतं. त्याला चेव आला. वहिनी झोपेतसुद्धा बडबडते, तिची एक धाकटी बहीण आहे, ती तिच्याहून बोलघेवडी, असं सगळं त्यानं आपल्या पदरचं मीठमसाला घालून सांगितलं. मुलगी मान हलवत राहिली. मधूनच एखादं बोर निवडून द्यायची आणि म्हणायची, "हे घ्या. हे गोड हाय."

पाटोद्यात गाडी त्याच्या दाराशी थांबली. तो उतरला. मागोमाग ती उतरली. आतून नवी वहिनी, भागीरथी, धावत आली आणि दिराकडं न बघता तिच्या गळ्यात पडली.

बहिणीच्या खांद्यावरून मुलगी त्याच्याकडं बघत होती. "दार हेच हाय ना पाव्हणं?" ती म्हणाली. "का मी आनखी कुठं जाऊ?"

तिचं नाव गंगासागर.

*

घरात शिरल्यावर विरुपाक्षाला दुसरा धक्का बसला. आई, शांतादेवी, उजवा हात बांबूच्या कामट्यांत बांधून बसली होती. न्हाणीशी पाय घसरला आणि मनगट मोडलं. दुखण्याचं तिला फारसं काही नव्हतं; तिला घोर होता तो वेगळाच. सुनेची पहिली संक्रांत तोंडावर आलेली. काळं लुगडं नेसवायचं, अंगभर हलव्याचे दागिने घालायचे. हार, बाजूबंद, कमरपट्टा, बिंदी, सगळं. या घरातल्या प्रत्येक लेकीसुनेला आजवर शांतादेवीच्याच हातचा हलवा चढलेला. आता हात असा.

त्यासाठीच बहिणीला बोलावून घेतलं होतं. गंगासागर मोठ्या हौसेनं शेगडीपाशी बसली, आणि दुपारी परातीतून जे निघालं ते वाटाण्यासारखं गुळगुळीत होतं. एकालाही काटा नाही. दुसऱ्या खेपेला तिळाचा गोळाच झाला.

शांतादेवींनी सुस्कारा सोडला. "विरू, बस की रे तू."

विरुपाक्षाचे कान लाल झाले. लहानपणी तो आजारी असायचा, तेव्हा थंडीच्या सकाळी आईला बिलगून शेगडीपाशी बसे. बघता बघता हाताला सवय लागली होती. पण हे घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं, आणि त्याला ठाऊक होऊही द्यायचं नव्हतं. तरी आईचा बांधलेला हात बघून तो बसला.

मंद विस्तवावर परात. परातीत कोमट तीळ. साखरेच्या पाकाचा एक चमचा, जेमतेम ओला होईल एवढाच, आणि मग बोटांच्या टोकांनी फिरवत राहायचं. सुकेपर्यंत. मग दुसरा चमचा. घाई केली की काटा मोडतो. विस्तव भडकला की साखर पिवळी पडते. गंगासागर टक लावून त्याच्या बोटांकडं बघत होती. ऊन ओसरीच्या खांबावर चढलं तेव्हा तिळाच्या अंगावर बारीक, पांढरे, टोकदार काटे उभे राहिले होते.

तिनं एक दाणा उचलून डोळ्यांजवळ धरला.

तेव्हापासून रोजच्या सकाळी तशाच जाऊ लागल्या. पहाटे आंघोळ, लिंगपूजा, मग थोडा वेळ दुकान, आणि मग ओसरीवरची शेगडी. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला ती, आणि मध्ये लक्ष ठेवायला शांतादेवी, ज्या माळ जपता जपता डुलकी काढत. गल्लीतून जाणारा बंकट, विरुपाक्षाचा शाळेतला सोबती, एकदा दारात थांबून म्हणाला, काय बे विरू, बांगड्या कधी भरतोस? विरुपाक्ष ओशाळला. गंगासागरनं बंकटला बसायला पाट दिला, हातात पाकाचा चमचा दिला, आणि त्याचं बोट भाजलं तेव्हा फुंकर घालायलाही त्यालाच सांगितलं. बंकट परत आला नाही.

बोटं फिरवत राहिलं की मन मोकळं होतं, तसं विरुपाक्षाचं झालं. एका सकाळी आई आत गेलेली असताना तो बोलून गेला. सरकारी भाषा उर्दू, म्हणून कॉलेजातही सगळं उर्दूत. लिहायला, वाचायला अडत नाही. बीडच्या शाळेत तेच शिकला. पण वर्गात उभं राहून बोलायचं म्हटलं की शहरातली पोरं गालात हसतात. त्याचं उर्दू गावाकडचं. एकदा हसली, दोनदा हसली, मग त्यानं तोंडच मिटून घेतलं. सहामाहीत तोंडी परीक्षेला तो नुसता उभा राहिला... नापास झाला. घरी कुणाला सांगितलं नव्हतं. आता परत जायचंच नाही असं ठरवून तो आला होता. दुकानात बसेन, एवढंच आईच्या कानावर घातलं होतं.

गंगासागर बराच वेळ परात हलवत होती. मग म्हणाली, "माझ्यासंगं बोला की उर्दू. मला तर त्यातलं काईच कळत न्हाई. चुकलात तरी हसणार कोन?"

त्याला ते पटलं. रोज थोडं थोडं तो बोलू लागला. साखरेबद्दल, विस्तवाबद्दल, औरंगाबादच्या पाणचक्कीबद्दल. ती मान डोलवायची, मध्येच "सुरेख" म्हणायची, आणि जिथं तो अडखळे तिथं नेमकी परातीकडं बघायची. चार वाक्यांवर अडणारी जीभ हळूहळू मोकळी झाली. बोलता बोलता आपण तिच्या कानामागच्या बटेकडं बघत बसतो, हेही त्याच्या ध्यानात आलं.

एकदा भागीरथीनं, बहीणच जाऊ होऊन आली तर किती बरं वाटेल, अशी काही थट्टा केली, आणि गंगासागर हसली. ते हसू ओसरल्यावर, दोघंच असताना, परातीतल्या तिळाकडं बघत विरुपाक्ष म्हणाला,

"आपका आवाज सुने बगैर अब मेरा दिन नहीं गुजरेगा. आप चली जाएँगी तो मैं क्या करूँगा?"

"सुरेख," गंगासागर म्हणाली. पण तिची बोटं थांबली होती, आणि परातीतल्या तिळांना एका बाजूनं रंग चढला.

*

पुढचा प्रकार भर दुपारी झाला. तहसिलीतल्या पेशकारसाहेबांच्या घरातल्या जमीलाबी शांतादेवींच्या हाताची चौकशी करायला आल्या, लेपाची डबी घेऊन. शांतादेवींना घाईत उर्दू शब्द सुचेनात. तेवढ्यात स्वयंपाकघरातून गंगासागर बाहेर आली, पदर सावरून वाकली आणि म्हणाली, "तशरीफ रखिए, खाला. दर्द अब कम है, मगर रात को नींद नहीं आती."

मग जी दोघींची जुंपली... मोमिनाबादेतली, म्हणजे आपल्या अंबाजोगाईतली, कुठली रिसालदारांची गल्ली, कुणाच्या घरची शादी, कुणाची सून. गंगासागरची जीभ पाण्यासारखी वाहत होती. तिच्या अंबाजोगाईच्या घरामागं सगळी घोडदळातल्या जुन्या रिसालदारांची घरं; ती तिथल्याच अंगणांत वाढलेली.

ओसरीवर विरुपाक्षाच्या हातातला चमचा पाकासकट विस्तवात पडला.

त्यानंतर तो दुकानातून हलेना. जेवायलाही उशिरा येई, मान खाली घालून जेवी. शेवटी गंगासागरच दोरा मागायच्या निमित्तानं दुकानाच्या मागल्या दारात आली. वडील पुढं गिऱ्हाइकाशी बोलत होते.

"खोटं कावून बोललात?" त्यानं हळूच विचारलं.

"मला उर्दू येतं म्हटलं असतं, तर तुमी तोंड उघडलं असतं का?"

तिनं दोऱ्याचं रीळ हातात फिरवलं.

"त्या दिवशी जे बोललात, त्यात एक चूक झाली व्हती."

"कोणती?"

"उर्दूत 'आपकी आवाज' म्हणत्यात. 'आपका' न्हाई."

"आणि... बाकीचं?"

"बाकीचं बरोबर व्हतं," ती म्हणाली, आणि दोरा न घेताच निघून गेली.

*

या गोष्टी लपत नाहीत. शांतादेवींना उर्दू येत नसलं तरी लेकाचं तोंड वाचता येत होतं. त्यांनी शंकरप्पांच्या कानावर घातलं, शंकरप्पांनी गंगासागरबरोबर गाडीतून आलेल्या तिच्या मामांपुढं, सातलिंगरावांपुढं, विषय काढला. मामा खुशीत आले. एकच म्हणाले: आमच्या दाजींना, म्हणजे पोरीच्या बापाला, जावई डोळ्यांपुढं लागतो. लातूरचं एक स्थळ चालून आलंय, ते थांबायचं नाही. पोरगा कॉलेज सोडून दुकानात बसणार असं त्याच्या आईकडनं ऐकतो; तसं असेल तर उन्हाळ्यातच उरकू.

विरुपाक्षाला वाटलं, देवानं एका दगडात सगळं मिटवलं. कॉलेज सुटलं आणि गंगासागर मिळाली. तो शीळ घालत ज्वारीची पोती लावू लागला.

संध्याकाळी भागीरथी पडल्या चेहऱ्यानं येऊन सांगून गेली, की गंगासागर नाही म्हणते.

तो जिना चढून माळवदावर गेला. गंगासागर तिथं वाळत घातलेला हलवा चाळत बसली होती. गावावर चुलींचा धूर पसरला होता आणि शेताकडून हुरड्याचा वास येत होता.

"मी आवडत न्हाई का?"

"आवडता. लई आवडता." तिनं मान वर केली नाही. "पण तुमी तिथं उभं राहून बोलायला भेता, मनून इथं बसणार. आन् उद्या लोक म्हणणार, पोरीसाठी बसला. तुमचं भ्या माझ्या नावावर कावून मांडता?"

त्याला राग आला. मग राग गेला आणि खाली जे उरलं ते खरं होतं. कॉलेज त्याला आवडत होतं. सकाळची ती प्रयोगशाळा, काचेच्या नळीत चढणारा पारा, हे सगळं आवडत होतं. आवडत नव्हतं ते फक्त हसणाऱ्या पोरांपुढं उभं राहणं. एवढ्यासाठी तो सगळंच टाकून द्यायला निघाला होता, आणि वर तिला त्याचं कारण करून बसला होता.

"आणि लातूर?" त्यानं विचारलं.

तिच्या हातातली चाळणी जोरात हलली.

त्याच संध्याकाळी, सगळे जेवून उठल्यावर, त्यानं वडिलांना सांगितलं. सहामाहीत नापास झालोय. भिऊन घरी राहणार होतो. आता परत जाणार.

शंकरप्पांनी हातातली सुपारी कातरून संपवली. मग एवढंच विचारलं, "या बारीला पास होशील?"

"सांगता येत न्हाई, अप्पा. पण तोंड उघडीन."

सातलिंगमामा पेचात पडले. मग मात्र आपल्याला शब्द देता यायचा नाही, दाजी ऐकायचे नाहीत, असं ते पुटपुटू लागले, तोच स्वयंपाकघराच्या दारातून गंगासागर म्हणाली, "बापूंशी मी बोलते मामा. लातूरला मी जायची न्हाई."

मामांनी तिच्याकडं बघितलं, विरुपाक्षाकडं बघितलं, आणि शंकरप्पांना म्हणाले, दाजी आजवर सगळ्यांपुढं जिंकलेत, एक या पोरीपुढं सोडून.

*

संक्रांतीला भागीरथी काळी चंद्रकळा नेसून, अंगभर पांढऱ्या काट्यांचे दागिने लेवून पाटावर बसली, तेव्हा तिच्या नवऱ्यानं, मन्मथनं, दारातूनच बघितलं आणि हातातला तांब्या कुठं ठेवावा हे त्याला सुचेना. शांतादेवींनी डाव्या हातानं सुनेची दृष्ट काढली. शेजारणींनी विचारलं, एका हातानं एवढा हलवा कसा केलात? शांतादेवी म्हणाल्या, "माझ्या विरूनं केला." सगळ्यांच्या देखत. विरुपाक्ष ओसरीवर होता. त्यानं मान खाली घातली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांची गाडी निघाली. विरुपाक्ष वेशीपर्यंत म्हणून गाडीच्या कडेनं चालू लागला आणि वेस मागं पडली तरी चालतच राहिला. मामांनी डोळे मिटून घेतले होते. खरोखर झोपले होते की काय, ते त्यांनाच ठाऊक.

"पोरं हसतील," गंगासागर म्हणाली.

"हसू देत."

"आन् मी थांबणार हाय मनून जाऊ नका. जायचं मनून जा."

"आणि तुमी?"

"मी थांबणार हायच की."

दोन्ही बाजूंना ज्वारी कणसावर आली होती. बैलांच्या घुंगरांशिवाय कसला आवाज नव्हता. चढ आला तसा धुळाजीनं गाडी थांबवली, बैलांना दम घेऊ दिला. आता पाठीमागं फिरायला हवं, हे दोघांनाही कळत होतं. गंगासागर गाडीच्या कडेला सरकली. एकदा मामांकडं बघून घेतलं. मग इतक्या हळू बोलली की त्याला जवळ वाकावं लागलं.

"एकदा तुमचं नाव घेऊन घेते. मग लगीन झाल्यावर घेता यायचं न्हाई."

तिनं श्वास घेतला. गालावर रंग चढला तरी नजर हलली नाही.

"विरुपाक्ष," ती म्हणाली.

गाडी चढ चढून दिसेनाशी झाली तरी तो तिथंच उभा होता.