चाड्यावरची मूठ

पोखर्णीच्या अलीकडे एसटी पंक्चर झाली नसती, तर कोकिळाच्या नशिबी प्रबंधासाठी तिचे मार्गदर्शक व्यंकटराव सर यांचाच उरलासुरला विषय आला असता. आठवडाभरात स्वतःचा विषय आणला नाहीस तर माझ्या खतांच्या कामातला एक तुकडा घे, असं सरांनी तिला बजावलं होतं. तिचे तीन विषय त्यांनी परत केले होते. पहिला होता ‘मराठवाड्यातील कोरडवाहू शेती : समस्या आणि उपाय’. सर म्हणाले होते, “हा प्रबंध आहे की पंचवार्षिक योजना?”

पूर्ण्याच्या रेल्वे पोर्टरची ही मुलगी शेतकी पदवीपर्यंत दुसऱ्यांची पुस्तकं मागून शिकली होती. विषय तरी उसना नको, एवढाच तिचा हट्ट होता. म्हणून बासष्ट प्रश्नांची यादी घेऊन ती गावं पालथी घालत होती.

हस्ताची झिमझिम नुकतीच थांबली होती. बाकीचे प्रवासी बाभळीखाली टेकले. कोकिळा बांधावर गेली. रानात ज्वारीची पेरणी चालली होती. तरणा वैजीनाथ बैल हाकत होता आणि त्याची आई धुरपताबाई तिफणीमागं चालत, ओटीतलं बी मुठीनं चाड्याच्या लाकडी वाटीत सोडत होती. चाड्यातून ते तीन नळ्यांनी मातीत उतरत होतं.

“एकरी किती बी पेरता?” कोकिळानं विचारलं.

वैजीनाथानं बैल थांबवले. “तुमच्या कागदात काय हाय?”

“चार किलो.”

“मग तेच लिवा. कागदाला बरं वाटंल.”

धुरपताबाई हसली. “माझ्या मुठीला इचार, पोरी. तिला किलोबिलो कळत न्हाई.”

“त्यात काय एवढं? बी तर सोडायचं…”

“धरता का मग?” वैजीनाथ म्हणाला. त्याच्या डोळ्यांत मिस्कील हसू होतं, आणि त्या हसण्यापुढं माघार घेणं कोकिळाला जमेना.

तिनं पदर खोचला, ओटी भरून घेतली आणि एक फेरी मारली. आपल्याला छान जमलं असं तिला वाटलं. तेवढ्यात एसटीचा हॉर्न वाजला आणि ती पळाली.

सहाव्या दिवशी ती परत आली. ज्वारी उगवली का ते बघायला, असं तिनं स्वतःला सांगितलं होतं. ते निम्मंच खरं होतं.

धुरपताबाईच्या ओळी दोरी धरल्यासारख्या उगवल्या होत्या. मधल्या, कोकिळाच्या तीन ओळींत मात्र कुठं झुबका, कुठं नुसती उघडी माती. रस्त्यानं जाणारा प्रत्येकजण त्या बघून वैजीनाथाला टोमणा मारून जाई.

“मोडून पुन्हा का नाही पेरलं?” कोकिळा ओशाळून म्हणाली. “ओल होती की.”

“व्हती.”

“मग?”

“तुमी बघायला येताल म्हनून…”

 कोकिळा लाजली की कामाला लागे. तशी आत्ताही वाकली आणि रोपं मोजू लागली. वैजीनाथ हातभर दोरी पुढं सरकवत आकडे सांगू लागला. तिच्या ओळीत अकरा, मग दोन, मग एकही नाही. आईच्या ओळीत चार, पाच, चार, चार.

तिचा हात थांबला. बी तेच, तिफण तीच, रानही तेच. मूठ तेवढी वेगळी! पुस्तकं एकरी किलो सांगतात, पण ते किलो ज्या हातातून जातात त्या हाताला कुणीच विचारलं नव्हतं. बासष्ट प्रश्नांच्या यादीच्या मागच्या कोऱ्या बाजूला तिनं एकच प्रश्न लिहिला : ‘बी सोडणारी मूठ कुणाची?’

सरांनी तो दोनदा वाचला. “बाईच्या मुठीवर प्रबंध?”

“हो सर. बी कोण पेरतं, हे कधी कुणी मोजलेलंच नाही.”

सरांनी तो कागद आपल्या फायलीत लावला. मग म्हणाले, “आता विषय झाला. पण दोन हंगाम मोजावं लागेल. त्याच रानात.”

कोकिळा थेट पोखर्णीला गेली. वैजीनाथ दोरी घेऊन उभाच होता.

“दोन हंगाम यावं लागेल मला,” ती म्हणाली.

“दोनच?”

“प्रबंधाला तेवढे पुरतात.”

तो दोरी बोटाला गुंडाळत राहिला. “आई म्हनायलीय… अभ्यास झाल्यावर बी ही पोरगी येनार हाय का?”

“आई म्हणतायत?”

“न्हाई… मीच म्हनतो.”

 हा माणूस कोकिळाला आवडला होता. चेष्टा सोसून त्यानं तिची चूक जपली होती. पण आत्ता कुठं जन्मात पहिल्यांदा काहीतरी तिचं स्वतःचं झालं होतं…

“येईन,” ती म्हणाली. “पण आधी प्रबंध. आणि त्याच्यावर माझंच नाव राहील, आत्ता आहे तेच, माहेरचं.”

“नाव ऱ्हाऊ द्या की तुमचंच,” वैजीनाथ म्हणाला. “मला तुमी पायजे.”

त्या दिवशी मोजणी अर्धीच राहिली.