कच्चा आराखडा

"गळती : पावसाळ्यात, तीन वर्गांत. उपाययोजना : टिनपत्रे बदलणे." शेजारच्या माणसाने मांडीवरच्या फायलीतली ओळ वाचली आणि कपाळावर हात मारला. "अरे देवा... गळती म्हणजे शाळा सोडून गेलेली मुलं! छप्पर नाही! आता हे लोक निकाल वाढवणार म्हणे..."

तो स्वतःशीच कुरकुरत होता. पण एस.टी.च्या दोघांच्या बाकावर स्वतःशी असं काही नसतं. हिंगणघाटला खिडकीतून रुमाल टाकून जयाने ही जागा धरली होती, आणि समुद्रपूरजवळचं मांडवझरी येईपर्यंत डोळे मिटून पडायचं ठरवलं होतं. आता कसले डोळे मिटतात! ती ओळ तिनेच लिहिलेली होती. जुलैचा महिना, बाहेर धो धो, आणि तिच्या टेबलावर ठेवलेल्या तपेल्यात वरून टप्... टप्. तेवढ्यात रकाना आला 'गळती'. हाताने लिहून टाकलं, डोक्याला विचारलंच नाही.

"छप्पर पण गळतं," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली.

तो दचकला. "अं?"

"तुम्ही म्हणालात ना, छप्पर नाही म्हणून. गळतं. तिन्ही वर्गांत. येऊन बघा."

"तुम्ही... मांडवझरीच्या हायस्कूलमध्ये—?"

"मराठी शिकवते. ते अक्षर माझं आहे."

पुरुषमाणूस इतका लाल होऊ शकतो हे जयाने पहिल्यांदाच पाहिलं. सुरुवात कानांपासून झाली, मग मान, मग चष्म्याखालचे गाल. त्याने फाइल मिटली, परत उघडली, आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "अक्षर सुंदर आहे."

जया हसली नाही. म्हणजे हसली, पण खिडकीकडे तोंड करून. बाहेर कापसाची वावरं पांढरी झाली होती, आणि रस्त्यालगतच्या बाभळींच्या काट्यांना गाड्यांवरून उडालेला कापूस अडकून राहिला होता. बाभळीला फुलं आल्यासारखंच दिसत होतं. रोजचाच रस्ता, पण तिला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला.

त्याचं नाव सुश्रुत. वर्ध्याच्या कार्यालयातला साधनव्यक्ती. म्हणजे माणूसच, सरकारी कागदावर त्याला तसं म्हणतात. मांडवझरीच्या सरकारी हायस्कूलचा दहावीचा निकाल तालुक्यात खालून दुसरा लागला होता, म्हणून दर शनिवारी येऊन शाळेसोबत बसायचं, गुणवत्तावाढीचा आराखडा करायचा, पक्का झाला की सही-शिक्का मारून वर्ध्याला न्यायचा आणि पुढच्या शाळेला लागायचं, असं त्याचं काम. आराखड्यात शाळेचा जीव अडकला होता तो एका बसपायी. बाजूच्या गावांतल्या मुली निळ्या बसने येत, आणि शाळा सुटली की तीच बस त्यांना घेऊन जाई. त्यामुळे जादा तास घ्यायचा म्हटला तर अर्धा वर्ग आधीच उठून गेलेला. बस तासभर उशिरा सोडायची तर आगाराला मंजूर आराखडा दाखवायला हवा होता.

शनिवारी शाळा सकाळची. शाळा सुटली की मोठ्या वर्गात मास्तरमंडळी जमत. मुख्याध्यापक मनोहरराव स्वभावाने इतके मऊ की खिडकी उघडायची की लावायची हेही ते सगळ्यांना विचारून ठरवत. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "जया मॅडम आणि तुम्ही बसा. आम्ही आहोच." आणि ते होतेच. पेपर वाचत.

पहिले दोन शनिवार दोघं भांडली.

"पालकांची उदासीनता, मोबाइलचा अतिवापर, अनियमित हजेरी," सुश्रुत वाचत होता. "प्रत्येक शाळा हेच लिहिते. मला हे नको आहे. ह्या बघा उत्तरपत्रिका. विज्ञानाचा 'कारणे द्या' हा प्रश्न अख्ख्या वर्गाने कोरा सोडला. इतिहासात कोरा. भूगोलात कोरा. मुलांना विचारच करता येत नाही."

"पोरांना?" जयाच्या कपाळावर आठी आली. "थांबा."

व्हरांड्यात दहावीची प्रणाली बसची वाट बघत उभी होती. जयाने तिला आत बोलावलं. "विचारा."

"उन्हाळ्यात माठातलं पाणी गार होतं," सुश्रुत प्रेमाने म्हणाला. "कारण सांग."

प्रणालीने मान खाली घातली. पायाच्या अंगठ्याने फरशी उकरायला लागली.

"बघा," सुश्रुत हळूच म्हणाला.

"काऊन वं प्रणाली," जयाने विचारलं, "माठातलं पाणी थंडं काऊन होते?"

पोरीने मान वर केली. "पाझरते नं मॅडम माठ! वरचं पाणी उडून जाते, तं जाता जाता आतली गरमी घेऊन जाते. म्हणून नवा माठ जास्त थंडं करते. जुन्याची भोकं बुजून जातात... आमच्या घरचा तं आता नावालेच माठ हाय."

सुश्रुतने पेन खाली ठेवलं. प्रणाली निघून गेल्यावरही तो दाराकडेच बघत होता.

"हे पैकीच्या पैकी मार्कांचं उत्तर आहे."

"तिला उत्तर येत होतं. तुमचा प्रश्न आला नाही." जयाने उत्तरपत्रिका नीट लावल्या. "सर, 'कारण सांग' हे ही पोरं कधी ऐकतात माहीत आहे? उशीर झाल्यावर. गैरहजर राहिल्यावर. 'कारण सांग' म्हटलं की मान खाली घालायची, हेच त्यांना शिकवलंय आपण."

तो तिच्याकडे बघत राहिला. बघण्याचंही एक माप असतं, ते ओलांडलं की समोरच्या बाईला पदर नसला तरी सावरावासा वाटतो. जयाने ओढणी सावरली. ती बत्तीस वर्षांची होती. आर्वीकडे वांगी-मेथी पिकवणाऱ्या तिच्या बापाने आता स्थळं आणणं सोडून दिलं होतं, आणि तिनेही वाट बघणं सोडल्यासारखंच होतं. सोडल्यासारखं... सोडलेलं नव्हे.

"मॅडम," तो म्हणाला, "मला शिकवाल?"

"काय?"

"काऊन."

मग आराखडा झपाझप पुढे सरकला. प्रत्येक धडा आधी पोरांच्या बोलीत सोडवायचा, बोलून बोलून उत्तर पक्कं झालं की मग ते पुस्तकी मराठीत लिहायला शिकवायचं. दोन्हीकडे लाज नाही. मुलींसाठी जादा तास, आणि त्यासाठी बस. कोण कुठला विषय घेणार तेही ठरलं. सुश्रुतचं वऱ्हाडी शिकणंही सोबत चालू होतं.

"मी चहा घेऊन राह्यली," तो ऐटीत म्हणाला.

जया इतकी हसली की तिच्या हातातली संत्र्याची फोड खाली पडली. "राह्यलो! राह्यली मी. तुम्ही राह्यलो."

"म्हणजे तुम्ही राह्यली तर मी पण राह्यलो, असं?"

"...व्याकरण आहे ते फक्त."

"मी कुठे दुसरं काही म्हटलं?"

मनोहररावांनी पेपर आणखी उंच धरला.

डिसेंबर लागला तसं आभाळ निवळ निळं झालं. दुपारच्या उन्हात कडुलिंबाची सावली वर्गाच्या भिंतीवर हलायची, आणि सगळी शाळा झोपेत चालल्यासारखी वाटायची. अशाच एका शनिवारी तो आला तेव्हा त्याच्या केसांत कापूस होता. येताना बस कापसाच्या गाडीमागे अडकली असणार.

"तुमच्या केसात... कापूस आहे."

"कुठे? इथे?"

"नाही... इकडे. वर. तिकडे नाही हो—"

"मला सापडत नाही." हात मुद्दाम भलतीकडेच फिरत होता, हे न कळायला जया काही पहिलीतली नव्हती. तिचा हात उठला, अर्ध्या वाटेत थांबला... आणि टेबलावरच्या डस्टरवर येऊन बसला. कापूस सगळी दुपार तिथेच राहिला. परत जाताना बसमध्ये तिने पाहिलं, तो खिडकीपासून दूर बसला होता. वाऱ्याने उडू नये म्हणून असेल का?

आराखडा त्याच दिवशी पूर्ण झाला.

पण मग असं झालं की सुश्रुतला पानांचा समास कमी वाटला. पुढच्या शनिवारी समास वाढवला, तर जयाच्या लक्षात आलं की 'उद्दिष्ट' हा शब्द एकाच पानावर तीनदा आलाय. तो बदलला. मग त्याला 'अपेक्षित परिणाम' हा भाग कोरडा वाटला. तिला मुखपृष्ठावर शाळेचं नाव जरा खाली हवं होतं. फायलीवर 'कच्चा आराखडा' असं पेन्सिलीने लिहिलेलं होतं, ते खोडायचं कुणाच्याच मनात येईना. मास्तरमंडळी आली की नमस्कार करत आणि दूरच्या बाकांवर जाऊन पेपर तपासत. कोणी काही म्हणालं नाही. खिचडी शिजवणारी कुंताबाई तेवढी चहा ठेवता ठेवता म्हणाली, "कागद हाय का लुगडं, बाई? विणूनच राह्यले दोघंही!"

जयाला कळत नव्हतं असं नाही. शुक्रवारी रात्री ती ओढणीला इस्त्री करायची तेव्हा कळायचं. शनिवारी परतीच्या बसमधून उतरताना तो दारात हात पुढे करायचा आणि ती तो न धरता, पण अगदी त्याच्या जवळून उतरायची, तेव्हा तर फारच कळायचं. सही झाली की तो जाणार, आणि उरलेले शनिवार नुसते शनिवार होणार... एवढं साधं गणित होतं. पण तिचा विषय मराठी, गणिताकडे ती बघतच नव्हती.

जानेवारीत सराव परीक्षा जवळ आली. जया दहावीच्या वर्गावर होती. धडा संपला तरी मुली वह्या भरेनात.

"मॅडम, आपली बस कधी थांबन?" प्रणालीने विचारलं.

"आराखडा पक्का झाला की."

"मग पक्का काऊन नाई होऊन राह्यला?"

सगळा वर्ग तिच्याकडे बघू लागला. त्या चाळीसेक डोळ्यांत आरोप नव्हता. होती ती निव्वळ चौकशी. पोरींना खरंच जाणून घ्यायचं होतं, कारण जयानेच त्यांना सांगितलं होतं की काऊन विचारायचं, लाजायचं नाही. आणि जयाने मान खाली घातली. पायातल्या चपलेचा अंगठा फरशीवर फिरायला लागला, तेव्हा तिचं तिलाच दिसलं.

घंटा झाली. बाहेर निळ्या बसने भोंगा वाजवला, आणि मुली जादा तासाविनाच, रोजच्यासारख्या, धावत सुटल्या. बसच्या मागे उडालेली धूळ खाली बसेपर्यंत ती व्हरांड्यात उभी होती. तिच्या एकटीचा शनिवार असता तर तिने जन्मभर लांबवला असता. पण हा त्या पोरींच्या वर्षातून कापून घेतलेला होता.

शनिवारी सगळे जमले. उन्हाचा चौकोन टेबलावर पडला होता. मनोहररावांनी घसा साफ केला. "तर... आज काय राहिलं?"

सुश्रुतने फाइल उघडली. जयाकडे पाहिलं, हसला. "अनुक्रमणिकेचा टाइप जरासा—"

"काही राहिलं नाही," जया म्हणाली. "सही करा सर. आत्ता."

त्याचं हसू हळूहळू मावळलं. "मॅडम... सही केली तर आज संध्याकाळीच वर्ध्याला द्यावा लागेल. मग मी—"

"माहीत आहे. सोमवारी पोरींना बस मिळाली पाहिजे."

मग त्याने पिशवीतून शिक्का काढला. शाईची पेटी कधीपासून उघडलीच नव्हती, कोरडी पडत चालली होती. त्याने तिच्यावर दोनदा दाबून शिक्का मारला. जरा तिरका पडला. खाली सही केली. 'कच्चा' हा शब्द रबराने खोडला, इतक्या हळू, जणू कागदाला लागेल.

"झाला," तो म्हणाला.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक मास्तर पंख्याकडे बघू लागले, दुसऱ्यांनी डबा उघडून पुन्हा लावला. कुंताबाई चहाचा ट्रे घेऊन दारातच अडकली. शेवटी मनोहरराव उठले.

"तर मंडळी... सुश्रुत सरांनी एवढे शनिवार आपल्यासाठी खर्च केले. त्यांना पुढची शाळा आर्वीकडे मिळालेली आहे असं कळतं. आपण सर्वांच्या वतीने त्यांचे आभार मानू, आणि त्यांच्या पुढील वाटचालीस—"

"आभार नका मानू सर."

जया उभी होती. बाकाची कड तिने घट्ट धरली होती, पण मान वर होती.

"आराखडा डिसेंबरातच झाला होता. तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं. समास बरोबर होता, टाइप बरोबर होता. मी संपू देत नव्हते, आणि हेही देत नव्हते. पोरींची बस आम्ही दोघांनी अडवून धरली. ती चूक मी त्यांच्यासमोर कबूल करीन, सोमवारीच." तिने श्वास घेतला आणि सुश्रुतकडे वळली. त्याचे कान लाल व्हायला लागले होते. आता तिच्या तोंडात पुस्तकी शब्द उरले नव्हते, आणि तिला ते नकोही होते.

"जा तुम्ही आर्वीले. खुशाल जा. पण मले तुम्ही शनिवारचे नाई पायजे... मले तुम्ही रोजचे पायजे."