काडीपेटी कुठंच चालत नाई

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा लिहिलं, दोनदा मिटवलं. तिसऱ्यांदा लिहून राह्यलो ते सुमीतमुळे. सुमीत म्हणजे आमच्या कुरिअरची गाडी वर्धा-नागपूर चालवणारा. माहा एकच दोस्त. तो म्हणे, "लिहून टाक बे लखन्या, डोकं तरी हलकं होईन."

बोरगाव मेघेत माहं काउंटर आहे. माहं म्हणजे मालकाचं, मी बसतो. चार वर्षं झाली. दिवसभर दुसऱ्यायचे खोके उचलाचे, काट्यावर ठेवाचे, पत्ता टाकाचा, चिकटपट्टी माराची. संध्याकाळी कंबर अशी होते का बसलं तं उठवत नाई, उठलं तं बसवत नाई. इकडचे पोट्टे-पोट्टी नोकरीले दूर दूर जातात, आन् जायच्या आधी सगळे मले एकच इचारतात, "दादा, बॅग विमानात टाकू का आधीच पाठवून देऊ?"

माहं उत्तर पाठ आहे. विमानाच्या पोटात पंधरा किलो, हातात सात. वर गेलं का किलोमागं पैसे कापतात. गाडीनं पाठवलं तं स्वस्त, पण सहा दिवस धरा. लागणारं सोबत ठेवा. गोधड्या, भांडेकुंडे आमच्याकडे द्या. असं धाड धाड सांगतो. लोकायले वाटते हा महिन्यातून दोनदा उडते. मी विमान आतून पाह्यलं नाई.

फेब्रुवारीतला सोमवार होता. दुपारी दीडले मी डबा उघडला आन् ती आली. पिवळी ओढणी, कपाळावर घाम. मागं तिचे वडील—पांढऱ्या कपड्यात शिवलेलं एक मोठं गाठोडं असं धरून, जसं कोणाचं तान्हं लेकरू धरलं.

"दादा, हे कोइम्बतूरले जाईन का?"

दादा! तिथंच ही कहाणी संपायले पायजे होती.

"जाईन ना," मी डब्याचं झाकण लावलं.

"मी म्हणत होती सगळं विमानातच नेऊ," ती म्हणाली. "माह्या डोळ्यासमोर राह्यते."

"डोळ्यासमोर कुठं राह्यते?" वडील म्हणाले. "तू वर, ते खाली पोटात. हैदराबादले तू विमान बदलशीन. त्यानं बदललं का नाई, तुले काय माहीत? पार्सलले पत्ता असते, पोरी. बॅगले काय असते? एक चिठ्ठी!"

"बाबा, त्याले बारकोड म्हणतात."

"तेच तं म्हणून राह्यलो. चिठ्ठी."

मले हसू आलं. तिनं पाह्यलं. "तुम्ही सांगा ना. तुम्ही तं नेहमी जात असान विमानानं?"

"नेहमी..." तोंडातून निघूनच गेलं.

तिनं वाकून माह्या पायातल्या सपाता पाह्यल्या. एकीचा पट्टा सेफ्टी पिनेनं लावलेला.

"दिसतेच," ती म्हणाली.

तिचं नाव दीपमाला. आंजी मोठी गावची. कोइम्बतूरच्या एका दवाखान्यात लॅबमध्ये नोकरी लागली, रविवारी विमान, सोमवारी हजर व्हायचं. वडील बापूराव—चौतीस वर्षं गावच्या पोस्टात होते. पार्सल त्यायनीच शिवलं होतं. हात कापतात आता, दोन दिवस लागले म्हणे. पण टाके पाहाल तं... मशीन लाजन. एकेक टाका ज्वारीच्या दाण्याएवढा. दर चार बोटांवर लाल लाखेचा ठप्पा.

"चौतीस वर्षांत माह्या हातचं एक पार्सल वापस नाई आलं," बापूरावजी म्हणाले, आन् पाणी प्याले बाजूच्या हॉटेलात गेले.

आता आमच्यात नियम आहे. बंद पार्सल घ्याचंच नाई. उघडाचं, आतलं पाहाचं, मंग कागदावर 'पाह्यलं' म्हणून सही कराची. मी ब्लेड काढलं.

तिनं गाठोड्यावर हात ठेवला. पूर्ण पंजा.

"नका ना उघडू," ती हळूच म्हणाली. "आत गोधडी आहे, माहे दोन पांढरे कोट, बूट, तिखट, वाळवणाचे सरगुंडे. देवाशपथ. हे टाके फाटले तं... ते परत दोन दिवस बसतीन. आन् काही बोलणार नाईत. तेच नाई पाहावत मले."

ब्लेड माह्या हातात होतं, तिचा हात कपड्यावर. नखायले मेंदीचा जुना रंग.

मी ब्लेड ठेवलं. सही केली—पाह्यलं.

खरं तं काहीच पाह्यलं नव्हतं. ते गाठोडंही नाई.

गुरुवारी सुमीतनं गाडी लावली आन् तेच पार्सल काट्यावर आपटलं. कपडा एका बाजूनं टराटरा फाडलेला, आतली गोधडी बाहेर आलेली.

"नागपूरच्या गोदामात स्कॅनच्या मशीनमध्ये हे एवढं मोठं दाभण दिसलं," तो म्हणाला. "म्हणून फाडलं. तं आत डब्यात काय निघालं? लाख, सुतळी, मेणबत्ती, ठप्पा माराले चौकोनी पाच पैशाचं नाणं. आन् हे." खिशातून त्यानं काडीपेट्यांचा अख्खा पुडा काढला. "काडीपेटी चालते का बे कुरिअरमध्ये? आन् सही कोणाची? तुही! तुले काय मोतीबिंदू झाला?"

मालकाचा फोन तं त्याच्या आधीच येऊन गेलता. "अजून एक डाव असं झालं तं चावी देऊन घरी जाजो."

डब्यात चिठ्ठी होती. पोस्टातल्या माणसाचं ते गोल अक्षर: *तिकडून काही पाठवशीन तं असंच शिवून पाठवजो. तिकडे काडीपेटी भेटते का नाई माहीत नाई, म्हणून टाकली.*

मी काडीपेटी उलटी केली. खाली बारीक अक्षरात, तमिळनाडूत बनवलेली. तिकडची काडीपेटी बापूरावजी तिकडेच धाडून राह्यले होते. हसाले पायजे होतं. हसू नाई आलं.

पावतीवरच्या नंबरावर मी तिले फोन केला. शुक्रवारी ती एकटीच आली. फाटलेल्या टाक्यांवरून तिनं बोट फिरवलं. मले वाटलं आता रडते, नाईतं मले दोन शिव्या देते.

"तुमची नोकरी?" तिनं इचारलं.

"आहे. अर्धी."

"माह्यामुळे."

"तुमच्या हातामुळे," मी म्हणलं. "तो तिथं ठेवला नसता तं..."

ती लाजली का चिडली, समजलं नाई. खाली बसली आन् गाठोडं उघडलं. मी शटर अर्धं ओढलं, आन् आम्ही फरशीवर सामान पसरलं. तिच्या सुटकेसमध्ये तीन किलोची जागा होती. कोट आन् बूट विमानात जाणार, ते सोमवारी लागणारच होते. बाकीचं पुन्हा गाडीनं, मागून. मी सांगत गेलो, ती उचलत गेली.

"दाभण?"

"पोटात चालते. हातात नाई."

"लाख?"

"पार्सलमध्ये जाऊ द्या."

"काडीपेटी?"

"कुठंच नाई. ना माह्या गाडीत, ना विमानाच्या पोटात, ना हातात."

"बिच्चारी," ती म्हणाली.

मंग शिवाले बसलो. बाबांले फोटो पायजे होता, पार्सल पोचल्याचा, ठप्प्यांसगट. म्हणून शिवणं आलंच. एका टोकाकून ती, दुसऱ्या टोकाकून मी, दाभण एकच, आलटून पालटून. तिचे टाके बापूरावजींसारखे. माहे... म्हैस चिखलातून गेली असं.

"असं नाई. अंगठा दाबा. हाव... असं." तिनं माहा अंगठा धरून दाबला. मी दाभण बरोबर बोटातच खुपसलं.

"अहो!"

"असू द्या."

"विमानात नेहमी जाणाऱ्या माणसाले एवढंही येत नाई?"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. बाबा. तिनं स्पीकरवर घेतला, कारण हातात सुतळी होती.

"पोरी, चौथा दिवस आहे. कुठवर गेलं?"

बाहेर एक ऑटो हॉर्न मारत गेला.

"मस्त चाललं आहे बाबा," ती म्हणाली. "माह्या आधी पोचते का मी त्याच्या आधी... बस एवढंच."

"पाह्य! म्हणलं नव्हतं? पार्सलले पत्ता असते."

फोन ठेवल्यावर तिनं माह्याकडे पाह्यलं. त्या पाहण्यात आम्ही दोघं एका खोट्यात एकदमच बसलो. मले भलतंच बरं वाटलं, आन् भलतंच वाईटही.

लाख वितळवाले काडी लागली. ज्या काडीपेटीपाई सगळं झालं, तिचीच काडी ओढली. लाखेचा थेंब माह्या मनगटावर पडला. तिनं मनगट धरलं आन् फुंकर मारली. एक. दोन. तिसरीची गरज नव्हती. तिसरीही मारली.

जाताना काडीपेट्यांचा पुडा तिनं माह्या ड्रॉवरात टाकला. "हे इथंच ठेवजो. आली का घेईन."

ठेवजो, म्हणाली, एकदम अरे-तुरे. दादाही नाई लावलं.

रविवारी ती उडाली. बुधवारी पार्सल पोचलं, तिनं फोटो पाठवला. होस्टेलच्या पायरीवर पांढरं गाठोडं. मंग रोज बोलणं सुरू झालं. ती म्हणे इथं डोशासोबत तीन चटण्या देतात, एकीतही तिखट नाई. मी म्हणे आज बावीस खोके उचलले. ती म्हणे कंबर कशी आहे? चार वर्षांत कोणी माह्या कंबरेचं इचारलं नव्हतं.

एप्रिलमध्ये एका दुपारी मी लिहून टाकलं. टाइप केलं, मिटवलं, पुन्हा टाइप केलं: *दीपमाला, मले तू आवडतेस. पंधरा किलोच्या वर.*

दोन तास काही नाई. मंग फोनच आला.

"हे असं लिहितात का कोणी?"

"मले दुसरं नाई येत."

हसली. मंग हसणं थांबलं. "लखन... मलेही. पण हाव नाई म्हणत मी अजून. बाबा रोज लोकायले सांगतात, चौतीस वर्षं आन् हे एक, कोणतंच वापस नाई आलं. त्यायच्याशी खोटं बोलून मी तुह्या घरी कशी येऊ? पार्सलचं पहिले सांग त्यायले."

"तू सांग ना. बाप तुहा आहे."

"सही कोणाची होती?"

"माही. फोन लावू का त्यायले?"

"फोनवर नको," ती म्हणाली. "आंजीले जा. समोर बसून सांग."

आंजी काही लांब नाई. पण तीन रविवार गेले. एकदा गाडी पंक्चर झाली. एकदा मी झोपूनच राह्यलो. एकदा आंजीच्या फाट्यापर्यंत गेलो, रसवंतीवर दोन ग्लास रस प्यालो आन् वापस आलो. थकवा असा आला होता ना... खोके उचलून नाई येत तसा. माणसाचा चौतीस वर्षांचा मान, आन् तो फोडाले मीच जायचा.

मंग परवा बापूरावजी स्वतः काउंटरवर आले. बँकेत काम होतं म्हणे. खुर्चीवर बसले, फोन काढला. तोच फोटो.

"दीपानं पाठवला होता. तू पाह्यला?"

"हाव काकाजी."

त्यायनी दोन कापरी बोटं फोटोवर ठेवली आन् मोठा केला. हळूहळू सरकवत गेले. डावीकडून उजवीकडे. एका कोपऱ्यावर थांबले. खूप वेळ थांबले. तो कोपरा मी ओळखला. म्हैस तिथूनच गेलती.

आता सांग, म्हणलं मनाशी. आता. तोंड उघडलं तं एक बाई खोका घेऊन आली. "दादा, हे बॅगेत टाकू का पाठवू?"

बापूरावजींनी फोन बंद केला, खिशात ठेवला, उठले.

"पोचलं, हे महत्त्वाचं," ते म्हणाले. मंग दारात थांबून, "घरी येत जा ना कधी. आंजीले. दाभण कसं धराचं ते दाखवतो तुले."

ते गेले. मी त्या बाईले तेच सांगितलं, पंधरा किलो, सात किलो, सहा दिवस. तिले म्हणलं चौदा, का सोळा, काय म्हणलं कोणास ठाऊक.

संध्याकाळी सुमीत आला. त्याले सगळं सांगतलं, काकाजी कुठं थांबले, काय बोलले. त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला.

"अबे येड्या, त्यायले माहीत आहे बे! ते टाके त्यायचे नाईत, हे आंधळ्यालेही दिसन. तुहे आहेत हेही समजलं. तरी घरी बोलावून राह्यले. अजून काय पत्रिका छापू का?"

"मंग सांगाची गरजच नाई ना."

"उलटं." सुमीत एकदम सिरियस झाला. तो कधीच नाई होत. "त्यायनं तुले सांगाले जागा करून देली. आता नाई गेला तं तू खोटारडाही आन् भित्राही. दोन्ही वजनं एकट्यानं उचलशीन? तुही कंबर पाह्य पहिले."

मी ड्रॉवर उघडला. काडीपेट्यांचा पुडा. एक पेटी फुटलेली, दोन-चार काड्या कमी.

"बोल," सुमीत म्हणाला. "माह्या डोक्यावर हात ठेवून बोल."

ठेवला. त्याच्या केसायले गाडीच्या डिझेलचा वास.

तं हे लिहून ठेवतो, म्हणजे मिटवता येणार नाई. सुमीत, या रविवारी मी आंजीले जाईन. रसवंतीवर थांबणार नाई. आधी पार्सलचं सांगीन, मंग दीपमालाचं. याच क्रमानं. आन् काडीपेट्या खिशात घेऊन जाईन, ज्याच्या त्याले वापस देईन. एसटीत तं चालतात.