टाकीपर्यंतची पावलं

सावरखोल गावात कोण कुठे आहे हे विचारावं लागत नाही. समाजमंदिरातल्या पडद्यावर गावातल्या दोनशे बारा माणसांचे ठिपके नावासकट दिसतात आणि खिडकी कायम उघडी असते. जावई केव्हा आला, सून रुसून माहेरी केव्हा निघाली, सगळं तिथे. नव्या माणसाला हे विचित्र वाटतं. गावाला आता वाटेनासं झालंय.

ही करामत भुईकानाची. भुईकान म्हणजे गावाभोवतीच्या डोंगरउतारात आणि प्रत्येक वाटेखाली पुरलेली काचेची एक लांबलचक तार. तिच्या एका टोकातून सेकंदाला हजारो वेळा प्रकाश सोडतात. काचेतल्या बारीक दोषांवर आपटून त्यातला थोडा प्रकाश मागे येतो. जमीन किंचित हलली की तार किंचित ताणते, परतणारा प्रकाश बदलतो, आणि नेमकी कुठे हलली ते कळतं. डोंगर सरकण्याआधी काही तास जमीन अशी कुरकुरते. ती कुरकुर ऐकायची, म्हणजे माणसं वेळेत बाहेर काढता येतात.

अडचण एकच होती. तार माणसांची पावलंही ऐके. ती वगळायची तर आधी ओळखायला हवीत. म्हणून ही यंत्रणा बांधणाऱ्या पुण्याच्या डॉ. शर्वाणी टिपणीस यांनी यंत्राला प्रत्येकाची चालखूण शिकवली. चालखूण म्हणजे पाऊल टाकण्याची ज्याची त्याची लकब. दोघांची सारखी नसते. आणि चाल ओळखता येतेच आहे, तर दरड आली की कोणत्या घरात कोण अडकलंय तेही कळेल, असं ठरलं. पडद्यासमोर बसायला घरटी एक माणूस पाळीने येऊ लागला. बिनपगारी, हौसेने. नोंदी सर्वांना खुल्या ठेवायच्या का, असं ग्रामसभेत विचारलं तेव्हा हात भराभर वर गेले. "आपल्याला लपवायचंय काय?" असं जो तो म्हणत होता.

एकच हात खाली होता. भागोजी शिगवण, एसटीचे निवृत्त कंडक्टर, सगळ्यांचे तात्या. "डोंगर ऐका, माझी पावलं कशाला?" असं म्हणून ते कोर्टात गेले. काम वर्षभर थांबलं. त्याच वर्षी वरच्या आळीवर दरड आली आणि तिच्याखाली गावमंडळाच्या अध्यक्षांची बायको गेली.

तेव्हापासून तात्या वाळीत होते. कायद्याने बंदी असल्यामुळे कोणी तसं म्हणालं नाही, कागदावर काही आलं नाही. फक्त त्यांच्या दारात कोणी जाईना. जो जाईल त्याच्या घरच्या लग्नाला आणि मयताला गाव येणार नाही, हे सांगायची गरज नव्हती. गावाचा राग खोटा नव्हता, हेही सांगायला हवं.

पूर्वीही माणसं वाळीत पडत. पण तेव्हा त्यात फटी असत. तिन्हीसांजेला मागच्या दारी कालवणाची वाटी जाई, कोणी गुरं शोधायच्या निमित्ताने विचारपूस करी. दिसलं तरी लोक न पाहिल्यासारखं करत. अंगणवाडी सेविका वनिता निवाते अशाच तात्यांच्या मागच्या पायरीवर रक्तदाबाच्या गोळ्या ठेवायच्या. पुढे काम पुरं होऊन तार आली आणि तेही थांबलं. ठिपक्याला न पाहिल्यासारखं करणार कसं?

सोमवारी सकाळी वनिताताई पाळीवर बसल्या. तात्यांचा ठिपका आदल्या दुपारपासून जागचा हलला नव्हता. फोन कोणी उचलत नव्हतं. त्यांनी बचाव पथकाच्या प्रमुखाला सांगितलं. तो म्हणाला, "यंत्र बोंबललं का? नाही ना? झोपला असेल म्हातारा." यंत्र फक्त कोणी धाडकन पडलं तर बोंबलतं. बिछान्यात कण्हणाऱ्या माणसाचा त्याला पत्ता नसतो.

मग त्यांनी पुण्याला शर्वाणीबाईंना फोन लावला.

"मॅडम, अर्धा तास तार बंद कराल काय? मी जाऊन येते."

"वनिताताई, डोंगर पहाटेपासून चार मिलिमीटर सरकलाय. आज बंद केली आणि काही झालं तर?"

"मग निदान माझा ठिपका तेवढा पुसा."

"ठिपके पुसता येत नाहीत. तसं मीच बांधलंय, कोणी खोटेपणा करू नये म्हणून." शर्वाणीबाईंना स्वतःचाच राग आला. "तुम्ही सरळ जा ना! कोण काय करणार तुम्हाला?"

"मला कोण काय करतंय! पण लेक गावातच दिलेय. सातवा महिना चाललाय तिला. माझ्यापायी तिच्या दारात कोणी येईना झालं तर मी काय करू, तुम्हीच सांगा."

शर्वाणीबाईंनी स्वतः रुग्णवाहिका बोलावली. घाटात एकेरी वाहतूक होती. ती पोचायला चार वाजले. तात्या बिछान्यात होते. डॉक्टर म्हणाले, काल दुपारी झटका आला असावा, जीव गेला आज दुपारी बाराच्या सुमारास. सकाळी कोणी आलं असतं तर वाचले असते.

दुसऱ्या दिवशी शर्वाणीबाईंनी त्या वेळच्या नोंदी उघडल्या. गावात पाण्याच्या टाकीपाशी वाट फुटते. डावीकडे दुकान, देऊळ. उजवीकडे फक्त तात्यांचं घर. रविवार दुपार ते सोमवार दुपार, एकतीस माणसं टाकीपर्यंत आली होती, तिथे थांबली होती आणि आल्या वाटेने परत गेली होती. काही जण दोनदा. चार वेळा आलेला माणूस एकच होता. तो अध्यक्षांचा ठिपका होता. शर्वाणीबाईंनी नाव तीनदा वाचलं आणि वनिताताईंना फोन केला.

"तुमचा ठिपकाही आहे. सोमवारी सकाळी अकराला."

"हो. लेकीला घटकाभर पडद्यापाशी बसवलं नि निघाले. ठरवूनच निघाले होते मॅडम, म्हटलं जे व्हायचं ते होवो. पण टाकीपाशी अध्यक्ष उभे होते."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, टाकीत पाणी किती आहे ते बघायला आलो. मीही म्हटलं, तेच बघायला आलेय."

"मग?"

"मग काय! बोलत बोलत दोघं खाली आलो."

शर्वाणीबाईंच्या समोर पडद्यावर ते दोन ठिपके शेजारी शेजारी उतरत होते. नोंदीत सोमवारचे अकरा वाजून सहा मिनिटं झाली होती. यंत्राने दोन्ही चालखुणा अचूक ओळखल्या होत्या, आणि उजवीकडच्या घरातला तिसरा ठिपका अजून जिवंत होता.